भरवशाला बसवलेला माणूस

चांदपाशाला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी नोकरी लागली, आणि त्या नोकरीत करायचं काहीच नव्हतं. नुसतं बसायचं. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, स्टेअरिंगला हात लावायचा नाही, ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, आणि चेहरा असा ठेवायचा की मागं बसलेल्यांना वाटावं, सगळं ठीक चाललं आहे. सावरवाडीच्या लोकांनी गाडीवर नाही, त्या चेहऱ्यावर विश्वास टाकला. लोकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. एकतीस वर्षं ज्याच्या मागं बसून कधी कुणाचं नख दुखावलं नाही, त्याच्यावर नाही तर कुणावर टाकायचा?

गाडी नांदेडच्या एका कंपनीची होती. पांढरी, बारा जणांची, बॅटरीवर चालणारी आणि माणसाशिवाय चालणारी. टपावर एक गोल डबा सारखा गरगर फिरायचा. तो रस्ता बघतो, असं कंपनीचे लोक सांगायचे. शहराच्या गर्दीत सोडण्याआधी खेड्यातल्या मोकळ्या रस्त्यावर वर्षभर चालवून बघायचं ठरलं, आणि देवणी ते सावरवाडी हा नऊ किलोमीटरचा रस्ता निवडला गेला. संक्रांतीनंतरच्या सोमवारी सरपंचांनी नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढले आणि स्वतः मोटारसायकलवर बसून घरी गेले.

भाडं काही नव्हतं, तरी चार दिवस त्या गाडीत काळं कुत्रं चढलं नाही. रिकाम्या सीटपुढं स्टेअरिंग आपलं आपण वळताना बघून बायका पदर तोंडाला लावायच्या. कुणी भुताटकी म्हणालं, कुणी म्हणालं की बॅटरी संपली तर ही विहिरीत जाईल. शेषेराव गुरुजींनी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं, तेही म्हणाले, "तंत्रज्ञान उत्तम आहे. आधी दुसरे बसू द्या." गाडीला गावानं नावही देऊन टाकलं. आपोआप. 'आपोआप आली का?' 'आपोआप गेली का?' एवढंच विचारायचे, चढायचं कुणी नाही.

पाचव्या दिवशी शिवांगी आली. कंपनीची इंजिनियर, नांदेडचीच पोरगी. तिनं फार डोकं चालवलं नाही. देवणीच्या स्टँडवर उभी राहिली आणि चहावाल्याला विचारलं, या रस्त्यावर लोक डोळे झाकून कुणाच्या गाडीत बसतात? चहावाल्यानं बाकड्यावर पेपर वाचत बसलेल्या चांदपाशाकडं बोट केलं. त्याची काळी-पिवळी जीप दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली होती. तेव्हापासून तो रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर यायचा आणि दुसऱ्यांच्या जीपा भरताना बघत बसायचा. ड्रायव्हर माणूस गाडी गेली की अर्धा राहतो. त्याचं हे अर्धं राहणं सगळ्या स्टँडला दिसत होतं.

"चाचा, गाडी सगळं स्वतः करते," शिवांगी म्हणाली. "तुम्ही फक्त बसायचं."

"मग मला कशाला बसवायलीस, बेटी?"

"लोकांना भरवसा यावा म्हणून."

त्याला राग यायला पाहिजे होता. आला नाही. उलट छाती भरून आली, आणि ते त्यानं लपवलंही नाही. घरी जाऊन बायकोला, सुलतानबीला सांगितलं तेव्हा ती पोटावर हात ठेवून हसली. "हात बांध के बैठने की नौकरी! घर में बैठते थे, तो मैं क्या बुरी थी?"

तीन दिवस नांदेडला नेऊन त्याला शिकवलं. शिकायचं होतं ते एक लाल बटण आणि एक हिरवं बटण. लाल दाबलं की गाडी जागच्या जागी थांबणार. हिरवं जरा वेगळं होतं. पुढं काय आहे ते गाडीला कळलं नाही तर ती थांबणार आणि बोलणार. मग सीटवरच्या माणसानं खाली उतरायचं, पुढं जाऊन बघायचं, रस्ता मोकळा असला तर परत येऊन हिरवं दाबायचं. 'खाली उतरून' हे शिवांगीनं तीनदा सांगितलं आणि वहीत लिहून घ्यायला लावलं. चांदपाशानं उर्दूत लिहून घेतलं.

त्याला सीटवर बघून सावरवाडीच्या पारावर कुजबुज झाली, पण पहिलं पाऊल कुणी उचलेना. उचललं ते साखराबाईनं. हणमंतरावांची बायको. लेकीच्या, सुकन्याच्या वेळी बाळंतपणात अडली होती तेव्हा चांदपाशानंच तिला जीपमधून उदगीरला पोचवली होती, खड्डा न् खड्डा चुकवत. ते ती आयुष्यभर सांगत आली होती. डोक्यावरची पाटी सावरत ती गाडीच्या दाराशी आली.

"पाशाभाऊ, तू हाईस नव्हं हितं?"

"हाव की, वैनी."

"मग मला काय धाड भरलीय!" म्हणत ती चढली आणि सगळ्यात पुढच्या सीटवर मांडी घालून बसली. तिच्या मागून दोघी-तिघी चढल्या, मग त्यांच्या नवऱ्यांना लाज वाटून ते चढले. महिनाभरात बसायला जागा मिळेनाशी झाली. शेषेराव गुरुजी तर असे बोलायला लागले, की गाडी जणू त्यांनीच बनवली होती.

आता आमच्याकडची एक गोष्ट कंपनीला कुणी सांगितली नव्हती. आम्हाला ती सांगण्यासारखी वाटतही नाही, इतकी अंगवळणी पडलेली आहे. मोठ्या रानाच्या राशीला मळणीयंत्र येतं. पण घरापुरता जो चार पाट्या माल असतो, बांधाकडंच्या ओळींतली तूर, उडीद, हुलगा, त्याच्यासाठी यंत्र कोण बोलावणार? तो डांबरी रस्त्यावर पसरायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, संध्याकाळी झाडून, उपणून दाणे घरी न्यायचे. या बांधाकडंच्या ओळींवर घरच्या बाईचा हक्क. त्याचं ती लेकीला देईल, नाही तर विकेल, नवरा विचारत नाही. आणि ड्रायव्हर लोकही त्या मालावरून मुद्दाम गाडी घालतात. बाजूनं गेलात तर बाई रागावते.

चांदपाशाची जीपच्या काळातली एक पद्धत होती. माल दिसला की लांबूनच तीन हॉर्न द्यायचे. राखणीला बसलेलं माणूस उठून हात वर करायचं, म्हणजे या. हात दिसल्याशिवाय चांदपाशानं चाक मालावर कधी घातलं नाही.

आपोआपला हे काही ठाऊक नव्हतं. तुरीचा ढीग दिसला की ती दहा पावलांवर थांबायची आणि आतून एका बाईचा गोड, पुस्तकी आवाज यायचा, "पुढे अडथळा आहे. कृपया खाली उतरून खात्री करा." पहिल्या दिवशी सगळी गाडी हसली. साखराबाई त्या आवाजाला म्हणाली, "अगं, आडथळा न्हवं माय, तूर हाय ती! जाऊ दे वरून."

चांदपाशा उतरायचा. ढिगाला पायानं चाचपायचा, परत चढायचा, हिरवं दाबायचा आणि गाडी गोगलगाईच्या चालीनं तुरीवरून जायची. तूर संपली तर हरभरा आला, हरभरा संपला तर करडई. एका फेरीत चार-चार, पाच-पाच ढीग. त्याचा उजवा गुडघा आधीच दुखरा. वर मागून लोक म्हणायचे, "कशाला उतरायलाव पाशाभाई, तूर काय नवी हाय का? दाबा की." उन्हाळा लागेपर्यंत तो उतरायचा. मग कधी उतरायचा, कधी सीटवरूनच मान उंच करून बघायचा. पावसाळ्यात रस्त्यावर माल नव्हता. मुगाच्या वेळेला पुन्हा ढीग पडू लागले तेव्हा तो उतरायचं पार विसरला होता. आवाज आला की बोट आपसूक हिरव्या बटणावर जायचं. आणि हॉर्न? गाडीच थांबते म्हटल्यावर हॉर्न कशाला द्यायचा? एकतीस वर्षांची सवय आठ महिन्यांत कशी सुटली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

गावाची भीतीही अशीच सुटली. आपोआप थांबते, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. म्हैस आडवी आली, थांबते. कोंबडी आली, थांबते. एकदा रस्त्यावर रिकामं पोतं उडत आलं, त्यालाही थांबली. लोक तिच्यासमोरून तिच्याकडं न बघता रस्ता ओलांडू लागले.

भादवा होता. पाऊस उघडलेला आणि ऊन असं की अंगावर फोड यावेत. दुपारच्या फेरीला गाडीत अकरा जण होते. शेषेराव गुरुजी कुणाच्या तरी सोयरिकीची गोष्ट रंगवून सांगत होते आणि सगळे माना मागं वळवून ऐकत होते. ओढ्याच्या अलीकडं हणमंतरावांचं रान लागतं. तिथं रस्त्यावर उडदाचा ढीग होता, रोजच्यापेक्षा जरा उंच, अजून न पसरलेला. राखणीला कुणी दिसलं नाही. गाडी थांबली.

"पुढे अडथळा आहे. कृपया खाली उतरून खात्री करा."

गुरुजींच्या गोष्टीत नवरदेव पळून गेला होता. चांदपाशाही ऐकत होता. आवाज दुसऱ्यांदा म्हणाला, "पुढे अडथळा आहे." चांदपाशानं हिरवं दाबलं.

गाडी हळू चढली. आधी शेंगा चुरचुरल्या. मग पुढचं चाक कशावर तरी वर आलं आणि एक बारीक आवाज झाला, तो शेंगांचा नव्हता. चांदपाशाचा हात लाल बटणावर गेला खरा, पण तोवर चाक पलीकडं उतरलं होतं.

साखराबाई ढिगाच्या सावलीला आडवी झाली होती. पहाटेपासून उडीद उपटून थकली होती, ऊन तोंडावर येऊ नये म्हणून चार-पाच पेंढ्या अंगावर ओढून घेतल्या होत्या. पापडापुरता उडीद होता तो, नांदेडला दिलेल्या सुकन्यासाठी. हणमंतराव विहिरीवर घागर भरायला गेले होते. ते धावत आले तेव्हा चांदपाशा रस्त्यावर बसून तिच्या अंगावरच्या पेंढ्या एक एक करून बाजूला काढत होता, आणि काढलेली प्रत्येक पेंढी नीट रचून ठेवत होता. का ठेवत होता, देव जाणे.

उदगीरला नेईपर्यंत ती गेली.

पुढचं सगळं इतक्या घाईनं झालं की चांदपाशाला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण ते खरं नव्हतं. जागा मिळाली होती. गाव दगड घेऊन गाडीवर तुटून पडलं, आधी तो गोल डबा फोडला, मग काचा. तेव्हा तो तिथंच उभा होता. देवणीच्या चौकीत जमादारानं जबाब लिहिला, 'वाहन आपोआप पुढे गेले, चालकाने आवरण्याचा प्रयत्न केला परंतु वाहनाने ऐकले नाही', आणि कागद पुढं सरकवला. तेव्हाही त्याच्या हातात पेन होतं. त्यानं सही केली. गाडीतल्या अकराच्या अकरा जणांनी तेच सांगितलं. खोटं बोलतोय असं त्यांच्यातल्या एकालाही वाटत नव्हतं. पाशाभाईच्या हातून असं होणारच नाही, मग दुसरं काय झालं असणार? गुरुजींनी तर शपथेवर सांगितलं, की पाशाभाई ब्रेकवर उभे राहिले होते.

लोक त्याच्या घरी येऊन बसायचे. "तुमचा काय दोष, पाशाभाई. यंत्राला काळीज असतंय का?" सुलतानबी चहा करून करून थकली. चहा घेऊन जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या खांद्यावर हात ठेवून जायचा, आणि हात ठेवला की चांदपाशाला खांदा काढून घ्यावासा वाटायचा.

सातव्या दिवशी शिवांगी आली. एकटीच, एसटीनं. डोळे सुजलेले होते. ओसरीवर बसली आणि पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून म्हणाली, "चाचा, गाडी पाऊण मिनिट थांबली होती. दोनदा बोलली. मग हिरवं दाबलं गेलं. सगळं नोंदलेलं आहे."

चांदपाशानं तिच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

"मी भांडायला नाही आले. उतरून बघायचा नियम मीच लिहिला होता. साठीच्या माणसाला दिवसातून चाळीस वेळा चढ-उतार करायला लावणारा नियम. तो टिकणार नाही, हे मला कळायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "कंपनी नोंदीचा कागद देईल. पण लोक म्हणतील, स्वतःला वाचवायला म्हाताऱ्या माणसावर ढकलताहेत. गाडी चांगली होती की वाईट, ते नंतर कधीतरी ठरेल. पण जे झालं ते झालं तसं कुणीतरी सांगायला पाहिजे. तुम्ही सांगितलं तरच लोक ऐकतील."

ती गेल्यावर सुलतानबी दार लावून त्याच्यासमोर येऊन बसली. तिला सगळं कळलं होतं. बहुतेक पहिल्या दिवसापासूनच.

"बोलना नको, जी," ती हळूच म्हणाली. "आज सब लोगां हमारा पाशा, हमारा पाशा बोलते. कल क्या बोलेंगे? तुम्हारे अकेले का नाम नहीं लेंगे वो."

या गावांत त्याला कधी परकं वाटलं नव्हतं, पण सुलतानबी उगाच घाबरणारी बाई नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याला गप्प राहायला एक कारण हवंच होतं. तिनं ते दिलं आणि त्यानं ते घेतलं.

तेराव्याला तो सावरवाडीला गेला. पंगतीत बसला, जेवला. हणमंतराव ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, नजर कुठंतरी. बायकोच्या मातीपासून ते रडले नव्हते, कुणाशी बोलले नव्हते. सुकन्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन त्यांच्यामागं फिरायची. डॉक्टर म्हणाला होता, रडले तर बरं, नाही तर अवघड आहे. पंगतीत कुणीतरी म्हणालं, "त्या मशीनचा सत्यानाश होवो," आणि चांदपाशानं बघितलं, की हणमंतरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले. ते मशीनला शिवी दिल्यावर का मिटले, हे त्याला समजेना. रात्रभर त्याच्या डोळ्यांसमोरून ते जाईना. एकच अर्थ लागत होता, की हणमंतरावांना कळलंय. त्यांना माहीत आहे, खरा मारणारा पंगतीत बसून जेवतोय.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच निघाला. सुलतानबीनं काही विचारलं नाही. हणमंतराव गोठ्यात होते. देवणी जातीची गाय दावणीला उभी होती आणि ते तिच्या पुढ्यात कडब्याच्या पेंढीवर बसले होते, हात मांडीवर टाकून. चांदपाशानं चपला बाहेर काढल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"हणमंतराव, मला काहीतरी सांगायचंय."

"आधी म्या सांगतो," हणमंतराव म्हणाले. चौदा दिवसांत पहिल्यांदा बोलल्यामुळं आवाज घोगरा येत होता. "तुलाच सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत न्हाई माझी."

चांदपाशा थांबला.

"ती कडंला सरकत व्हती, पाशा. म्हणली, आपोआपची येळ झाली, ढीग पसरून घेते आन् झाडाखाली जाते. झाड किती लांब हाय तुला ठाऊक हाय. त्वांड लाल झालतं तिचं उन्हानं. म्याच म्हणलो, पड हितंच सावलीला. दुसरं कोण येतंय या येळंला? आन् ती गाडी काय माणसावानी हाय का? ती थांबतेच. कोंबडीला थांबते, तुला न्हाई थांबायची व्हय? असं म्हणलो म्या. हासत म्हणलो. म्हणून झोपली ती." त्यांनी ओठ चावला. "लोकं मशीनला शिव्या देतेत. एकूण एक शिवी मला लागायलीय. मशीनवर भरवसा ठिवा म्हणून तिला सांगणारा म्याच. म्याच मारलो तिला."

गाय कडबा ओढत होती. चांदपाशाला वाटलं, आता उठावं आणि पळून जावं. चौदा दिवस आपल्या गप्प बसण्यानं फक्त एका गाडीचं नाव खराब होतंय, असं तो समजत होता. यंत्राला काय, लाज ना शरम. पण ते सगळं या माणसाच्या छातीवर रचलं जात होतं, आणि रचणारा तो स्वतः होता. आता गप्प राहिलं तर हणमंतराव हे घेऊनच मरतील. बोललं तर आपलं काही उरणार नाही. ना हे दार, ना गाव, ना तो खांद्यावरचा हात.

"थांबली व्हती," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी थांबली व्हती, हणमंतराव. ढिगापासून दहा पावलांवर. दोनदा म्हणली, उतरून बघा. म्या उतरलो न्हाई. हॉर्न बी दिलो न्हाई. गुरुजीची गोष्ट ऐकत बसलो आन् बटण दाबलो. मशीननं न्हाई नेली. म्या नेली."

हणमंतराव पेंढीवरून पुढं सरकले.

"थांबली व्हती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"थांबली व्हती."

"खरं सांग पाशा. मला बरं वाटावं म्हणून बोलू नको. किती येळ?"

"पाऊण मिनिट. नांदेडला नोंद हाय त्याची. अल्लाची कसम, थांबली व्हती."

हणमंतरावांचं तोंड वाकडं झालं. "म्हंजी म्या तिला खोटं न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "साखरा, म्या तुला खोटं न्हाई सांगितलं गं." आणि ते रडायला लागले. गडी माणूस असा रडताना चांदपाशानं कधी ऐकला नव्हता. पोटातून, हुंदके देत, गाईच्या मानेत तोंड खुपसून. चांदपाशाही रडत होता. त्यानं हात पुढं करून हणमंतरावांच्या पाठीवर ठेवला. जरा वेळानं हणमंतरावांनी तो हात धरला, आणि पाठीवरून काढून खाली ठेवला.

"काल माझ्या दारात जेवलास," ते म्हणाले. ओरडून नाही, हळू. "चौदा दिस म्या जळत व्हतो. तू बघत व्हतास."

"मला ठाऊक नव्हतं, तुम्ही तिला..."

"पर तुझं तुला ठाऊक व्हतं."

चांदपाशानं माफी मागायची म्हणून घरून शब्द जुळवून आणले होते, त्यातला एकही तोंडात आला नाही.

"ऊठ," हणमंतराव म्हणाले. "चौकीला जा. मला सांगितलास तसंच्या तसं तिथं सांग. गावाला काय सांगायचं ते म्या बघतो, तुझ्या घराकडं कुणी बोट करणार न्हाई. पर तू पुन्हा हितं येऊ नको, पाशा. तुझं त्वांड बघायचं बळ न्हाई माझ्यात."

तो उठला. गुडघा धरला होता, म्हणून दावणीचा आधार घ्यावा लागला. हणमंतराव पुन्हा रडू लागले होते, आणि तो आवाज ऐकून सुकन्या घरातून धावत आली. गोठ्याच्या दारात दोघं समोरासमोर आले. तिनं आत बापाकडं बघितलं, मग चांदपाशाकडं, आणि तिचे डोळे भरून आले. काय बोलणं झालं ते तिनं ऐकलं नव्हतं.

"रडले," ती म्हणाली. "चाचा, बाबा रडले! आमच्या कुणाच्यानं झालं न्हाई ते. तुमचे लई उपकार झाले." तिनं वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि आत बापाकडं पळाली.

चांदपाशानं चपला पायात सरकवल्या आणि देवणीच्या चौकीकडं चालू लागला.